डबल बेल

“तू माणसं बोलावलीसच कशाला?”

“माणसंच बोलावलीत, लांडगे न्हायत. बघतील, टाळ्या वाजवतील, जातील.”

“आपलं ठरलेलं असतंय. आपण तिघं. चौथं कुणी न्हाय.”

“कवा ठरलं? तुझ्या डोक्यात ठरलं आसंल, मला कुणी इचारलं न्हाय.”

“शिवा, हळू बोल. डोकं ठणकायलंय.”

“मी हळूच बोलायलोय. इंजिनाजवळ बसून बसून कान गेलेत तुझे.”

यावर राजपालनं डोळे मिटून घेतले. शिवराजच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात काळ्या नळीची मोठमोठी वेटोळी रचलेली असतात. त्यातल्या एका वेटोळ्यावर तो पाय लांब करून बसला होता. अंगात खाकी होती आणि पायांत बूट तसेच. तो एसटीचा ड्रायव्हर. रात्रभर पुण्याहून गाडी हाकत आणली, सकाळी धाराशिवच्या आगारात लावली, आणि खोलीवर न जाता तेरच्या गाडीत बसून थेट इथं उतरला होता. शनिवार-रविवार लागून सुट्टी मिळावी म्हणून त्यानं बब्रुवान नावाच्या सोबत्याशी अदलाबदल केली होती. म्हणजे आठवडाभर स्वतःच्याही ड्युट्या ओढल्या आणि बब्रुवानच्याही. डोळे बंद केले तरी पापणीच्या आत रस्ता धावत होता, मधल्या पांढऱ्या पट्ट्यांसकट.

“किती यायलेत?” त्यानं डोळे न उघडता विचारलं.

“गल्लीतली थोडी. क्लासवाले सर आन् त्यांची पोरं. आन् तो, मोबाईलवर बातम्या करतो तो.”

“म्हंजे गाडी भरली.”

“उभ्यानं कुणी न्हाय, सगळ्यांना बसायला जागा हाय,” शिवराज म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर थोडा हसला.

काउंटरवर रॉकेट आडवं पडलं होतं. कोल्ड्रिंकच्या दोन मोठ्या बाटल्या एकीला एक जोडलेल्या, खाली जुन्या प्लास्टिकच्या पाटीच्या कडक तुकड्यांचे तीन पंख, वर टोपी. बाटलीत थोडं पाणी घालायचं, पंपानं हवा ठासायची, आणि खालची खीळ दोरीनं ओढली की पाणी फसकन खाली आणि बाटली वर. यात फटाक्याची दारू नाही, आग नाही, धूर नाही. यंदा त्यावर शिवराजनं दुकानाच्या नावाचा स्टिकरसुद्धा चिकटवला होता.

तिघं धाराशिवला तंत्रनिकेतनात एका बाकावर होते: राजपाल, शिवराज आणि मोनिका. तिथं एका स्नेहसंमेलनासाठी त्यांनी पहिली बाटली उडवली. ती प्राचार्यांच्या खिडकीत गेली, आणि तेव्हापासून हे वेड लागलं ते लागलंच. डिप्लोमा कुणाच्याच कामाला आला नाही. शिवराज वडिलांच्या दुकानात बसला, मोनिका लग्न होऊन उमरग्याला गेली आणि तिनं पुढं शिकून रक्त-लघवी तपासायची लॅब टाकली, राजपाल एसटीत लागला. पण दर वर्षी ज्वारी काढणीला आली की एक शनिवार-रविवार तिघं तेरला जमायचे आणि गावाबाहेरच्या माळावर बाटली सोडायचे.

आणि दर वर्षी एकच गोष्ट बिघडायची. वर गेल्यावर टोपी निसटावी, आतली छत्री उघडावी आणि रॉकेट तरंगत खाली यावं, असा सगळा बेत. ती छत्री आजवर एकदाही उघडली नव्हती. रॉकेट सुरेख चढायचं आणि दगडासारखं खाली येऊन फुटायचं.

“भांडून झालं का?” दारातून मोनिका आत आली. उमरग्याहून दोन गाड्या बदलून आलेली, खांद्याला पिशवी. “थांब्यावर ऐकू यायलंय. एका बाईनं मला इचारलं, दुकानात वाटणी चाललीय का म्हणून.”

“ह्यानं जत्रा बोलावलीय,” राजपाल म्हणाला.

“मला फोनवर सांगितलंय त्यानं. आधी हे बघा.” तिनं पिशवीतून एक पिवळंधम्मक कापड काढून झटकलं. त्यावर बदकं होती. “लेकीचा रेनकोट. तिला आखूड झाला. चांगला घेर निघालाय. आन् टोपीला आतून पावडर लावायची ह्या टायमाला. हातमोज्याला असती तसली, लॅबमधली. मला वाटतंय दर वर्षी टोपीच अडकून बसती.”

“बदकाची छत्री,” शिवराज म्हणाला. “आबा काय म्हणतील.”

राजपालनं डोळे उघडले. “आबा?”

शिवराजनं कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली. “आबा यायलेत उद्या. सोताहून म्हणाले. म्हणाले, येतो, बघू तरी काय उडवताय.”

आबा म्हणजे दगडोबा, शिवराजचे वडील, गेल्या दिवाळीपासून फारसे अंगणाबाहेर पडले नव्हते. त्याआधी हिंडत-फिरत होते तेव्हा गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, आमचं पोरगं रिकाम्या बाटल्या उडवतंय, भरलेली उडवली आसती तर निदान समजून घेतलं आसतं. गिऱ्हाईक हसायचं आणि शिवराज नळीचे तुकडे मोजत राहायचा.

“मग आधी सांगायचं न्हाय का हे,” राजपाल म्हणाला.

“तू बोलू दिलंस का?”

राजपालला एवढंच हवं होतं की उद्या माळावर कुणी नसावं. त्याच्या पाठीमागं रोज पन्नास-साठ माणसं असतात. ड्रायव्हर, थांबवा. ड्रायव्हर, एवढ्यात कुठं चालला. ड्रायव्हर, पंखा बंद हाय. घरी खोलीवर भिंतीला भिंत लागलेली, पोरांचा अभ्यास, शेजाऱ्याचा टीव्ही. वर्षातून एकदा तो माळ रिकामा मिळायचा. मागं वळून बघावं तर कुणी बसलेलं नाही. पण हे शिवराजला सांगायचं म्हणजे आबांना येऊ नका म्हणण्यासारखं झालं असतं.

“येऊ दे,” तो म्हणाला. “खुर्ची आण त्यांना.”

संध्याकाळी तो गावातल्या घरी आईकडं गेला. भिमाबाई चुलीसमोर बसून भाकरी थापत होत्या. त्यांनी एकदा लेकाच्या तोंडाकडं बघितलं.

“निजला न्हाईस का रं?”

“उद्या निजतो.”

“उद्या बाटल्या हायत्या न्हवं? चाळिशी आली, राजपाल. त्येनं पोट भरतंय का?”

“न्हाय.”

“मग?”

“डोकं रिकामं होतंय, आई.”

“भाकर खा. डोकं आपोआप रिकामं होतंय,” भिमाबाई म्हणाल्या आणि ताटात दुसरी भाकरी टाकली. तो खाऊन आडवा झाला, पण झोपेत उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता. पहाटे उठला तेव्हा पोटरीत गोळा आलेला.

रविवारी सकाळी शिवराजचा टेम्पो माळावर आला. वारा पडलेला होता. मुरमाड जमीन, मधेमधे सुकलेलं कुसळी गवत, खालच्या बाजूला कालवा, आणि कालव्यापलीकडं माणूस बुडेल एवढा ऊस. शिवराजनं लोखंडी स्टँड रोवला. स्टँडच्या एका पायाला सायकलची घंटी बसवलेली होती.

या घंटीचंही एक प्रकरण आहे. आधी ते टीव्हीवरच्यासारखे उलटे आकडे मोजायचे. पण शिवराज ‘एक’ म्हटलं की सोडायचा आणि राजपाल ‘शून्या’ची वाट बघायचा. एकदा त्या एक आणि शून्याच्या मधे मोनिकाचा हात सापडला आणि महिनाभर प्लास्टरमध्ये राहिला. पुढं राजपाल एसटीत लागला आणि एका वर्षी ही घंटी घेऊनच आला. म्हणाला, आकडे नकोत. एक बेल म्हंजे थांब, डबल बेल म्हंजे सोड. मला एवढंच कळतंय. तेव्हापासून मोनिका कंडक्टर झाली आणि दोरी राजपालच्या हातात. दोन टोले पडले की दोरी ओढली जायची. विचार करावा लागत नव्हता. नोकरीतही तसंच होतं. मागून डबल बेल पडली की डावा पाय आपोआप क्लचवर जातो, माणूस मनानं कुठंही असो.

टेम्पोच्या बॅटरीवर हवेचा पंप चालवून शिवराजनं रॉकेट भरलं. काटा चढत गेला, बाटली टणक झाली.

“आता टेम्पो न्यावा लागंल,” तो म्हणाला. “आबांना आन् खुर्चीला आणायचंय. मोना, तू चल, त्यांना धरून बसवायला कुणीतरी पायजे. राज्या, तू हितं थांब.”

“भरून ठेवायचं?”

“पंप टेम्पोवर हाय. आल्यावर पुन्हा भरत बसलो तर माणसं उठून जातील. राहतंय की तासभर.”

“दोरी खाली सोडू नको,” मोनिका जाताना म्हणाली. “कुत्रं-बित्रं अडकलं तर गेलं. हाताला गुंडाळून बस.”

“व्हय.”

“आन् झोपू नको.”

“न्हाय झोपत.”

टेम्पो गेला. धूळ बसली. राजपाल एका दगडाला टेकून बसला, दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले. आणि त्याच्या लक्षात आलं की माळ रिकामा आहे. खाली कालव्याचं पाणी, वर एक घार, आणि मागं कुणी नाही. मागं वळून बघितलंसुद्धा त्यानं. खरंच कुणी नव्हतं. त्याला वाटलं, अजून थोडा वेळ असंच राहावं. टेम्पो वाटेत पंक्चर व्हावा. वाईट काही होऊ नये, नुसता पंक्चर व्हावा.

ऊन पाठीवर चढत गेलं. हनुवटी छातीला टेकली. मग तो गाडीत होता, आणि गाडी कुठल्यातरी थांब्यावर उभी होती, आणि माणसं चढतच होती, चढतच होती, संपत नव्हती. तो बेलची वाट बघत होता.

टिंग.

टिंग.

त्याचा हात हलला.

फसकन आवाज झाला आणि गार पाण्याचा सपकारा तोंडावर बसला. तो धडपडत उठला. स्टँड रिकामा. मान वर केली तर रॉकेट चढत होतं, सरळ, कुठं न डगमगता, पांढऱ्या रेघेसारखं. इतकं सरळ ते कधी गेलं नव्हतं. वर जाऊन क्षणभर थांबलं, आडवं झालं. राजपालनं सवयीनं खांदे आखडले, आता फुटणार म्हणून.

टोपी निसटली. आतून काहीतरी पिवळं बाहेर आलं, पिळवटलं, आणि उघडलं.

बदकं काही खालून दिसत नव्हती. पण पिवळा गोल घेर आणि त्याखाली हेलकावे खाणारी बाटली. वर वारा होता, खाली नव्हता. त्या वाऱ्यानं छत्री सावकाश कालव्याकडं नेली. राजपाल तोंड उघडं टाकून बघत राहिला. पळावं, पकडावं असं त्याला सुचलंच नाही. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि त्याला आठवड्यात पहिल्यांदा झोप येत नव्हती. छत्री कालवा ओलांडून गेली, उसावर जरा वेळ रेंगाळली, आणि तुऱ्यांमधे बुडाली.

तेव्हा कुठं त्याला मेंढरं दिसली. त्याच्यामागं, अगदी जवळ. पुढच्या मेंढीच्या गळ्यात पितळी घंटी. मेंढी दोन पावलं चालली, टिंग, टिंग, आणि चरायला थांबली. घंटी गप्प. पुन्हा दोन पावलं.

मागून गोरोबा धनगर काठी टेकत आला. “काय वो डायवर, अंघोळ केली का काय माळावर?”

“मामा, बघितलंत का तुम्ही?”

“काय?”

“वर. पिवळं.”

“म्या मेंढराकडं बघायलोय,” गोरोबा म्हणाला. “वर काय हाय माझं?” आणि मेंढरं हाकत उताराला लागला.

थोड्या वेळानं टेम्पो आला. त्यामागं मोटारसायकली, क्लासची पोरं, बातम्यावाला. मोनिका उतरली, तिनं स्टँड बघितला, राजपालचा भिजलेला शर्ट बघितला, आणि तिला कळलं. शिवराज आबांना उतरवत होता, त्यामुळं त्याला उशिरा कळलं. आबांना खुर्चीत बसवलं, गुडघ्यावर शाल टाकली. आबांच्या डोक्याला पांढरा स्वच्छ फेटा होता. ते स्टँडकडं निरखून बघत राहिले.

“ह्ये उडतंय व्हय?”

“ते न्हाय, आबा,” राजपाल म्हणाला. “त्याच्यावरचं. ते उडून गेलं.”

“गेलं?”

“व्हय.”

आबांनी थोडा विचार केला. मग लेकाकडं वळून म्हणाले, “मग मी बसू का जाऊ?”

कुणीतरी मागं हसलं. शिवराज हसला नाही. तो मोठ्यानं म्हणाला, “तांत्रिक अडचण झालीय मंडळी,” आणि राजपालनं हात दाखवला तिकडं, पोरांना घेऊन उसाकडं गेला. दुपारपर्यंत सगळ्यांनी ऊस धुंडाळला. पात्यांनी हात ओरबाडले. काही सापडलं नाही. आबांना ऊन लागायला नको म्हणून मोनिकानं त्यांना कधीच घरी पोचवलं होतं. टेम्पोत चढताना आबा तिला एवढंच म्हणाले, “जाऊ दे. मला वाटलं व्हतं, लई मोठं आसंल.”

संध्याकाळी तिघं दुकानात होते. स्टँड भिंतीला टेकवलेला. राजपालला शेवटच्या गाडीनं धाराशिव गाठायचं होतं, सकाळी पहिली गाडी त्याचीच होती.

“मुद्दाम केलंस तू,” शिवराज म्हणाला.

“डोळा लागला, शिवा.”

“झोपेत माणूस घोरतो, राज्या. दोरी ओढत न्हाय.”

“बेल ऐकली. डबल.”

“कुणी दिली? कंडक्टर टेम्पोत माझ्या शेजारी बसली होती.”

“मेंढीनं.”

“काय?”

“गोरोबामामाची मेंढी. तिच्या गळ्यात घंटी हाय.”

शिवराजनं मोनिकाकडं बघितलं. “ऐक. मेंढीनं बेल दिली. घरी जाऊन आबांना सांगतो. आबा, मेंढीला लई घाई होती.”

“तो खोटं बोलत न्हाय,” मोनिका म्हणाली.

“खोटं न्हाय, पण त्याला जे पायजे होतं तेच कसं झालं? सांग की. काल हितंच बसून म्हणालास, माणसं कशाला. झालं. माणसं यायच्या आत उरकलं.”

दुपारभर उसात हिंडताना राजपाल स्वतःला हेच विचारत होता. घंटी वाजली, हात हलला. हे नक्की. पण दुसरा टोला पडल्यावर आणि हात हलण्याआधी एक इवलीशी फट होती का? त्या फटीत त्याला ठाऊक होतं का, की हा माळ आहे, गाडी नाही? आठवायला गेलं की तिथं फक्त ऊन दिसायचं.

“माझी गाडी लागलीय,” मोनिका उठली. “तुम्ही दोघं भांडा. पण जेवून भांडा. शिवा, त्याचे डोळे बघ एकदा, मग काय बोलायचं ते बोल.” ती गेली.

शिवराजनं स्टँडवरची घंटी उगाच अंगठ्यानं दाबली. एकदाच. थांबण्याची.

“आयुष्यात पैल्यांदा म्हणाले होते, येतो म्हणून,” तो म्हणाला. आवाज खाली आला होता. “मी फेटा बांधला त्यांचा. हात थरथरतात त्यांचे, बांधता येत न्हाय. पुन्हा यायचे न्हायत ते.”

“मी येऊन सांगतो त्यांना. पुढल्या सुट्टीला.”

“काय सांगशील?”

राजपाल पिशवीचा बंद ओढून घट्ट करू लागला.

शिवराज स्टँडकडं बघत होता. मग त्याचा अंगठा घंटीवरच थांबला. हळूहळू त्यानं मान वळवली.

“राज्या.”

“हं.”

“दर वर्षी रॉकेट सरळ खाली येतंय. स्टँडपासून दगड मारण्याच्या अंतरावर. वारा आसला तरी.”

राजपालनं खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बांधलेलीच होती.

“आज वारा न्हवता,” शिवराज म्हणाला. “खाली तरी न्हवता. आन् ते कालवा ओलांडून उसात गेलं. बाटली आपल्या पायानं कालवा ओलांडत न्हाय.”

बाहेर थांब्यावर धाराशिवची गाडी येऊन उभी राहिली. इंजिन चालूच होतं. दोन बाया चढत होत्या, एकीचं गाठोडं दारात अडकलं होतं.

“एवढंच सांग,” शिवराज म्हणाला. “भांडत न्हाय मी. मुद्दाम केलंस का न्हाय, ते बी इचारत न्हाय. फक्त एवढं सांग. छत्री उघडली होती का?”

राजपाल उभा राहिला. खाकी शर्ट वाळून कडक झाला होता, त्यावर मुरमाची लाल माती. त्यानं शिवराजच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडावर राग नव्हता आता. तंत्रनिकेतनात पहिली बाटली खिडकीत गेली तेव्हा जे हरखून जाणं होतं, तेच होतं. राजपालला ते बघवेना. ‘व्हय’ म्हटलं तर ती आपण एकट्यानंच बघितली, हेही सांगावं लागणार होतं.

त्यानं खिशातून दोरीचं गुंडाळं काढलं, काउंटरवर ठेवलं, पिशवी खांद्याला लावली, आणि नळीच्या वेटोळ्यांमधून वाट काढत तो दुकानाबाहेर पडला.